कॅमेऱ्याखालचा डबा आणि आपला रुबाब

शाळा सोडून दोन-चार वर्षं झालेली मुलं हल्ली दोन कारणांसाठी माझ्याकडे येतात. एक, नोकरीचा अर्ज मराठीत नीट लिहून घ्यायला. दुसरं, कॅमेऱ्याबद्दल विचारायला. मी उर्दू-मराठीचा मास्तर आहे, फोटोग्राफीचा नाही. पण शाळेच्या गॅदरिंगचे आणि सहलीचे फोटो बरीच वर्षं मीच काढतो आणि कॅमेऱ्याबरोबर येणारी जाडजूड पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. एवढ्या भांडवलावर मुलं मला जाणकार समजतात. गेल्या दोन लग्नसराईंत सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, बॅटरी ग्रिप घेऊ का?"

माझं उत्तर दहातल्या आठ-नऊ जणांना "नको" असंच असतं. मुलं मान डोलावतात आणि त्यातली निम्मी जाऊन ग्रिप घेतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. ती ग्रिप का घेतात हे मला ठाऊक आहे, आणि त्या कारणात त्यांच्याइतकाच तुमचा-माझाही वाटा आहे. म्हणून हा लेख फक्त त्या मुलांसाठी नाही. घरात लग्न काढलेल्या प्रत्येक बापासाठी, मामासाठी आणि शादीखान्याच्या दारात उभं राहून फोटोग्राफरला वरपासून खालपर्यंत न्याहाळणाऱ्या प्रत्येक बुजुर्गासाठीही आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवायचा एक डबा. त्यात साधारण दोन बॅटऱ्या मावतात, आणि कॅमेरा उभा धरला की हाताशी येईल असं शटरचं एक जादा बटण असतं. ग्रिप लावली की कॅमेरा जवळपास दीडपट उंच दिसतो. अगदी महागडे, खेळांच्या मैदानावर वापरले जाणारे कॅमेरे कंपनीकडूनच त्या आकाराचे येतात. त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला ग्रिप लावली की तोही लांबून तसाच भासतो. सगळी गोम या "लांबून"मध्ये आहे.

चौथीच्या मुलालाही जमेल असा हिशोब

मुलं पहिलं कारण देतात ते बॅटरीचं. "सर, निकाहपासून वलीम्यापर्यंत बॅटरी पुरत नाही." ठीक आहे, हिशोब करू.

उदाहरणासाठी कॅननचा ८०डी घेऊ, आपल्याकडच्या अनेक मुलांच्या हातात तो सेकंडहँड आलेला असतो. त्याची ग्रिप बीजी-ई१४ नावाने मिळते, तीच ७०डी आणि ९०डीलाही बसते. ही ग्रिप बसवताना कॅमेऱ्यातली बॅटरी काढावी लागते, कारण ग्रिपची दांडी त्याच खाचेत जाते. म्हणजे ग्रिपमध्ये बॅटऱ्या दोन, पण त्यातली एक तुमच्याकडे आधीच होती. निव्वळ वाढ किती? एका बॅटरीची. आणि ती एक बॅटरीही ग्रिपच्या खोक्यात येत नाही, वेगळी विकत घ्यावी लागते.

तीच बॅटरी खिशात ठेवली असती तर? तितकेच फोटो निघाले असते. बॅटरी बदलायला सरावलेल्या हाताला पंधरा सेकंद लागतात. कंपनीची ग्रिप साधारण दोन असली बॅटऱ्यांच्या भावात जाते. आता मला सांगा, पंधरा सेकंद वाचवण्यासाठी दोन बॅटऱ्यांचे पैसे घालवायचे, की त्या पैशांत खरोखरच्या दोन बॅटऱ्या घ्यायच्या?

एका बॅटरीत किती फोटो निघतात, हेही बघू. ८०डीसाठी कंपनी ९६० हा आकडा देते. तो आकडा जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने, 'सिपा'ने, ठरवून दिलेल्या चाचणीचा आहे. त्या चाचणीत दर तीस सेकंदांनी एक फोटो काढतात, एकाआड एक फोटोला कॅमेऱ्यातला फ्लॅश उडवतात, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. लग्नात असं कोण काम करतं? तुम्ही वर वेगळा फ्लॅश लावता, एका दमात चार-पाच फोटो काढता. तेव्हा प्रत्यक्षात आकडा बहुधा याहून वरच जातो. मागचा पडदा सतत चालू ठेवलात किंवा व्हिडिओ घेतलात तर मात्र तो खाली येतो. एकूण काय, चार्ज केलेल्या दोन चांगल्या बॅटऱ्यांवर एका दिवसाचं लग्न आरामात निघतं. तिसरी खिशात असली तर दुसऱ्या दिवशीचा वलीमाही सुरू करता येतो.

लग्नात खरी दगाबाज वस्तू कोणती, हे काम करणाऱ्याला विचारा. कॅमेऱ्याची बॅटरी नव्हे, फ्लॅशचे सेल. फ्लॅश स्वतःच्या चार पेन्सिल सेलवर चालतो. सेल उतरत आले की फ्लॅश पुन्हा भरायला वेळ घेतो, आणि नेमका दूल्हा-दुल्हनसोबत सगळं खानदान उभं राहिलेलं असताना दिवा पेटत नाही. ग्रिपमधल्या दोन बॅटऱ्या या फ्लॅशला एक थेंबही वीज देत नाहीत. रिचार्ज होणाऱ्या चांगल्या सेलचे तीन संच आणि एक बरा चार्जर, एवढ्याने जी अडचण सुटते, तिच्यासाठी मुलं कॅमेऱ्याखाली डबा लावतात.

"पण सर, स्पीड वाढतो ना?"

हे दुसरं कारण. याच्यात थोडं तथ्य आहे, आणि अर्धं सत्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त खर्चात पाडतं.

निकॉनचा डी७००, २००८ चा कॅमेरा, एकट्याने सेकंदाला ५ फोटो काढायचा. एमबी-डी१० ही ग्रिप लावून तिच्यात ईएन-ईएल४ए ही मोठी बॅटरी घातली की ८ काढायचा. डी८५० ला त्याच्या ग्रिपमध्ये मोठी बॅटरी घातली की ७ चे ९ होतात. फूजीच्या एक्स-टी२ ला ग्रिपने ८ चे ११ होत होते. हे खरं आहे. पण निकॉनच्या या गोष्टीत ती मोठी बॅटरी वेगळी, तिचं झाकण वेगळं आणि तिचा चार्जरही वेगळा घ्यावा लागतो. ग्रिपची किंमत विचारून दुकानातून बाहेर पडलेल्या मुलाला ही साखळी कोणी सांगत नाही.

कॅननच्या ८०डीला किंवा ५डी मार्क ३ ला ग्रिप लावून वेग एका फोटोनेही वाढत नाही. निकॉन डी७२०० चंही तेच. म्हणजे कुणा एका कॅमेऱ्याचा गुण सगळ्या कॅमेऱ्यांच्या नावावर खपवला जातो. आणि समजा वाढला, तरी मेहंदीच्या हाताला सेकंदाला अकरा फोटो कशाला हवेत? हात काही पळून जात नाही.

याहून वाईट गोष्ट लहान कॅमेऱ्यांची. कॅननने १३००डी आणि १५००डीसाठी स्वतःची ग्रिप काढलेलीच नाही. निकॉनच्या डी३००० मालिकेसाठीही नाही. तरी बाजारात या कॅमेऱ्यांच्या ग्रिप मिळतात. कॅमेऱ्याच्या बुडाला ग्रिपच्या बटणाशी बोलणारी जागाच नसते, म्हणून त्यातल्या बऱ्याच ग्रिपमधून एक छोटी वायर काढून ती बाजूच्या रिमोटच्या भोकात खोचतात. गर्दीत कोणाचा पदर, कोणाचा दुपट्टा त्या वायरीत अडकला की उभं बटण मेलं. स्क्रू ढिला झाला की डबा हलतो, बॅटरीचा संपर्क तुटतो, कॅमेरा मधेच बंद पडतो. काझीसाहेब कबुली विचारत असताना कॅमेरा बंद पडला, तर तो क्षण पुन्हा मागता येत नाही. जी वस्तू भरवशासाठी घेतली, तीच भरवसा घालवते. त्यात स्वस्तातली नकली लिथियम बॅटरी घातली तर फुगण्या-तापण्याची भीती वेगळीच.

कंपन्यांचं स्वतःचं वागणंही पाहा. सोनीचा पहिला ए७ एका बॅटरीत जेमतेम ३४० फोटो काढायचा. २०१८ च्या ए७-३ मध्ये त्यांनी बॅटरीच मोठी केली आणि आकडा ७१० वर नेला. फूजीनेही २०२० च्या एक्स-टी४ ला मोठी बॅटरी दिली. निकॉनने डी७५०० वरून ग्रिपची सोय काढून टाकली. तर झेड६ आणि झेड७ साठी एमबी-एन१० नावाची ग्रिप विकली, जिच्यावर शटरचं बटणच नव्हतं! फक्त दोन बॅटऱ्यांचा डबा. बटण यायला पुढचे कॅमेरे आणि एमबी-एन११ यावी लागली. नाव एक असलं तरी काम एक नसतं. म्हणून "ग्रिप घेऊ का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कॅमेऱ्याला, कोणती, आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय उत्तर देणारा माणूस एकतर दुकानदार असतो नाहीतर अडाणी.

ग्रिपच्या बाजूने जे खरं आहे ते

मी वकिली करत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. काहींना ग्रिप खरोखर लागते.

ज्याचं काम तासन्‌तास उभे फोटो काढण्याचं आहे, त्याला लागते. स्टेजवर येणाऱ्या प्रत्येक जोडप्याचा उभा फोटो काढायचा तर उजवा कोपर सतत वर राहतो. चार तासांनी खांदा भरून येतो. ग्रिपच्या बटणाने कोपर खाली येतो, हात स्थिर राहतो. जो ७०-२०० एफ/२.८ सारखी दीड किलोची लेन्स हाताने धरून काम करतो, त्याला कॅमेऱ्याच्या बाजूला थोडं वजन आलं तर तोल बरा वाटतो. ज्याचा पंजा मोठा आहे आणि करंगळी कॅमेऱ्याखाली लोंबकळते, त्यालाही आराम मिळतो. पण तेवढ्यासाठी बॅटरीचा डबाच हवा असं नाही. कॅननने ईओएस आरपीसाठी ईजी-ई१ नावाची नुसती करंगळीपुरती पट्टी काढली होती, तिच्यात बॅटरी नव्हतीच.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. मागच्या तीन लग्नांचे फोटो उघडा. उभे किती, आडवे किती ते मोजा. बॅटरी बदलताना खरोखर किती फोटो हुकले ते आठवा. दिवसाअखेर काय दुखतं, खांदा की मान, ते स्वतःला विचारा. मान दुखत असेल तर कारण वजन आहे, आणि ग्रिप ते वाढवणार आहे. या कसोटीनंतरही ग्रिप लागते असं दिसलं, तर जरूर घ्या. कंपनीची घ्या, आणि आपल्या कॅमेऱ्याचीच घ्या.

आपल्या लग्नांत बायकांच्या बाजूला फोटो काढायला आता मुली पुढे येत आहेत. मला याचा फार आनंद आहे. त्यांनाही कुणीतरी सांगतं की ग्रिप लावल्याशिवाय प्रोफेशनल वाटत नाही. लहान पंजाच्या मुलीने सहा तास जास्तीचं ओझं का उचलावं? कुणाला काय वाटावं म्हणून?

खरं कारण

आता त्या कारणाकडे येतो, जे मुलं सगळ्यात शेवटी आणि मान खाली घालून सांगतात. "सर, लोक कॅमेऱ्याचा आकार बघून पैसे देतात."

हे कारण मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते खरं आहे. आपणच म्हणतो, "मोठा कॅमेरावाला आणा." आपणच शादीखान्यात मुलाच्या हातातला छोटा मिररलेस कॅमेरा बघून विचारतो, "एवढ्याशा कॅमेऱ्याने काय येणार?" तो छोटा कॅमेरा शेजारच्या जुन्या धुडापेक्षा अंधारात सरस असतो, हे आपल्याला ठाऊक नसतं आणि विचारायची गरजही वाटत नाही. आणि गंमत अशी की मोठा कॅमेरा मागणारा हाच यजमान पैसे देताना म्हणतो, "आपलाच पोरगा आहेस, थोडं कमी कर." मुलाने रुबाब आपल्यासाठी विकत घ्यायचा आणि त्याचा भाव आपण पाडायचा. याला काय म्हणावं?

तो रुबाब कोणाच्या पैशांतून येतो, तेही सांगतो. आईने बचत गटातून उचललेल्या कर्जातून येतो. बापाच्या रिक्षाच्या हप्त्याशेजारी लागलेल्या दुसऱ्या हप्त्यातून येतो. नोकऱ्या नाहीत, भांडवल नाही, अशा घरातल्या मुलाने स्वतःच्या हुन्नरावर उभं राहायचं ठरवलं, तर त्याच्या पहिल्या कमाईचा वाटा आपण एका रिकाम्या डब्यात घालायला लावतो. म्हणून हा कॅमेऱ्याच्या सामानाचा किरकोळ प्रश्न राहत नाही.

मुलांनाही माझं सांगणं आहे. आकारावर भाळणारं गिऱ्हाईक तुमचं कधीच होत नाही. आज ग्रिप, उद्या ड्रोन, परवा क्रेन. ही शर्यत तुमच्यापेक्षा जास्त पैसेवाला नेहमी जिंकणार. लग्न झाल्यावर लोकांच्या तक्रारी काय असतात ते ऐका. अल्बम सहा महिने मिळाला नाही. हार्डडिस्क गेली आणि फोटो उडाले. म्हाताऱ्या खालाचा एकही फोटो नाही, आणि आता त्या राहिल्या नाहीत. "फोटोग्राफरचा कॅमेरा लहान होता" ही तक्रार मी आजवर एकाही घरात ऐकलेली नाही. आणि एवढं करूनही दिखाव्यासाठीच ग्रिप घ्यायची असेल, तर वहीत ती "जाहिरात खर्च" या खात्याला लिहा. "कॅमेरा" या खात्याला लिहून स्वतःची फसवणूक करू नका.

जुन्या काळी कॅमेऱ्याखाली लागणारी मोटर खरंच राबत होती. १९८२ च्या निकॉन एफएम२ ला एमडी-१२ ही मोटर लावली की आठ पेन्सिल सेलवर ती फिल्म पुढे ओढायची. ती नसेल तर प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने दांडी ओढावी लागे. डिजिटलमध्ये ओढायला फिल्मच उरली नाही, तरी त्या मोटरीच्या जागचा डबा राहिला आणि त्याचा दबदबाही. आणि त्याही आधी होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्सवर काम करत होत्या. बारा फोटोंचा रोल, चौकोनी फोटो, उभं-आडवं हा प्रश्नच नाही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते कामासाठी मिळालं.

आणखी एक गोष्ट मास्तर म्हणून मला टोचते. वर मी जे सांगितलं, त्यात काही गुपित नाही. कोणत्या कॅमेऱ्याला कोणती ग्रिप, वेग वाढतो की नाही, हे सगळं त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पण इंग्रजीत. उर्दू शाळेत शिकून मराठीत व्यवहार करणारा आमचा मुलगा ती पुस्तिका खोक्यातून बाहेरच काढत नाही. मग दुकानदार जे सांगेल ते खरं. आपण उर्दूत गझलेवर तासभर बोलतो, मराठीत राजकारणावर पानं भरतो, पण हाताने काम करणाऱ्या मुलाला उपयोगी पडेल असं एक पान या दोन्ही भाषांत लिहायला आपल्याला वेळ नाही. भाषा जगली पाहिजे असं भाषणात म्हणायचं, आणि पोटाच्या प्रश्नावर तिला मुकी ठेवायचं. ज्या भाषेत माणसाला आपला हप्ता वाचवता येत नाही, ती भाषा त्याने घरी का बोलावी?

म्हणून मुलांनो, पैसे हातात आले की माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी दोन जादा असली बॅटऱ्या. मग फ्लॅशचे चांगले सेल. मग दोन मेमरी कार्डं आणि फोटो दोन ठिकाणी ठेवायला दोन हार्डडिस्क. मग दुसरा कॅमेरा, जुना चालेल, पण चालू हवा, कारण पहिला बंद पडला तर ग्रिपमधल्या दोन भरलेल्या बॅटऱ्या घेऊन तुम्ही काय करणार? मग एक बरी लेन्स. एवढं सगळं झाल्यावर, आणि वरच्या कसोटीला उतरली तर, ग्रिप. बयान किंवा जलशाचं लांबलचक रेकॉर्डिंग करायचं असेल तर तेव्हाही ग्रिप नको. बॅटरीच्या जागी बसणारा आणि भिंतीतल्या प्लगवर चालणारा अडॅप्टर घ्या.

आणि घरात लग्न काढलेल्यांनो, यंदा फोटोग्राफर ठरवताना त्याचा कॅमेरा बघू नका. एका पूर्ण लग्नाचे सगळे फोटो दाखव म्हणा, निवडक वीस नकोत. फोटो किती दिवसांत देणार आणि किती ठिकाणी जपून ठेवणार ते विचारा, कागदावर लिहून घ्या. आणि ठरलेले पैसे, "आपलाच पोरगा" न म्हणता, वेळेवर द्या.